तेल्याची रेघ

कौसल्याकाकूंनी पिशवीतून एक डाळिंब काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "ह्याला काय झालंय ते मला ठावं हाय. तुमच्या मशीनला ठावं हाय का, तेवढं बघाय आलेय."

फळावर काळपट, तेलकट डाग होते आणि मधल्या मोठ्या डागाला उभी चीर गेली होती. सांगोल्याकडचं कुणीही पोर सांगेल की हा तेल्या. डाळिंबाला याच्यापेक्षा वाईट रोग नाही. जंतू एकदा बागेत शिरला की पानापानावर, फळाफळावर डाग उमटत जातात आणि सगळा माल उकिरड्यावर जातो.

मी तेव्हा सोलापूरच्या एका लहानशा रोपतपासणी प्रयोगशाळेत नवीनच लागले होते. पानात नाहीतर सालीत रोगाच्या जंतूचा डीएनए आहे का, ते शोधायचं हे आमचं काम. जंतू असला तर यंत्र त्याच्या डीएनएच्या नकला करत सुटतं आणि नकला वाढतील तशी पडद्यावरची रेघ वर चढते. नसला तर रेघ तळाशी आडवी पडून राहते. एवढं कळलं की आमच्या धंद्यातलं निम्मं कळलं.

"बसा की काकू," मी म्हटलं.

"बसते. पर आधी बघ."

त्या बाहेरच्या बाकावर भाकरीचं फडकं सोडून बसल्या. मी डागाजवळची साल कुटली, डीएनए वेगळा केला, यंत्रात घातला. चारच्या सुमाराला पडद्यावर रेघ आली आणि ती आडवी होती. मी बाहेर जाऊन जरा पुस्तकी आवाजात सांगितलं, "काकू, यात तेल्याचा जंतू सापडत नाही."

काकूंनी फळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे मशीनच्या मतानं हे फळ निरोगी हाय."

"तसं म्हणायचं तर..."

"मग खाऊन दाव."

मला वाटलं, थट्टा करतायत. काकूंना मात्र हसू आलं नाही, कारण त्यांना थट्टा करायला वेळ नव्हता. येलपले नर्सरी ही त्यांची. नवरा वारल्यावर पंधरा-वीस वर्षं त्यांनी ती एकटीनं चालवली होती. नर्सरीचा जीव म्हणजे तिथली तीनेकशे जुनी झाडं. त्यांच्याच फांद्यांना गुट्या बांधून कलमं करायची आणि ती तालुकाभर जायची. आता त्या बागेच्या एका कोपऱ्यात तेल्या निघाला होता. शेती खात्याचे शिरढोणे साहेब येऊन पाहून गेले आणि म्हणाले, रोग आत कुठवर गेलाय ते डोळ्यांना दिसत नाही, जंतू सालीत वर्षभर दडून बसतो, तेव्हा अख्खी बाग उपटून जाळावी लागेल. पुढच्या गुरुवारी ते हुकूम घेऊन येणार होते.

"कुठली झाडं आजारी, कुठली चांगली, एवढं तुम्ही सांगितलं तर साहेब ऐकतील म्हणाले," काकू म्हणाल्या. "आजारी हायती ती मी माझ्या हातानं जाळीन. पर धडधाकट झाड कशापायी जाळू?"

मी फळ उचललं आणि आमच्या तांबोळी सरांच्या खोलीत गेले.

सर प्रयोगशाळेचे प्रमुख. तोंडानं फटकळ, हातानं उदार. त्यांनी फळ पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "तेल्याचं मला सांगू नकोस. शुद्ध जंतू घातला तरी कधी येतो, कधी येत नाही. आला तर रेघ अशी दमून वर चढते की बघवत नाही. मी तो नाद सोडला."

"पण का येत नाही सर?"

"डीएनएच्या दोन पट्ट्या एकमेकींना धरून असतात, बरोबर? नकला करायच्या तर आधी तापवून त्या सुट्या करायच्या. काही जोड्या सैल धरतात, काही घट्ट. ह्या गड्यात घट्ट धरणाऱ्याच जास्त. सुटत नाहीत लवकर, आणि सुटल्या तर स्वतःभोवतीच गुंडाळी करून बसतात. नकला करणारं एन्झाइम वाटेतच अडकतं."

"मी प्रयत्न करू?"

"कर की. पण केळी-पपईचे नमुने तुंबवून ठेवू नकोस."

मग मी कंबर कसली. असा गुंता सैल करायला डीएमएसओ नावाचं एक औषध घालतात. ते थोडं घातलं, रेघ आडवीच. जरा वाढवलं, तरी आडवी. अजून वाढवलं तर गुंता सुटायच्या आधी एन्झाइमच लुळं पडलं. क्षार कमी-जास्त करून पाहिले. नकलेचा तुकडा लहान धरून पाहिला. त्या औषधाची एक गंमत असते, हाताला लागलं की थोड्या वेळानं तोंडात लसणाची चव येते. शनिवारी संध्याकाळी मी घरी गेले तर आई म्हणाली, "आज डब्यात शेंगाचटणी दिली नव्हती, मग लसणाचा वास कसला?" मला त्या दिवशी हसूही आलं नाही. काकूंचा दोनदा फोन येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा मी "बघतेय" एवढंच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमचं घर भद्रावती पेठेत. पुढच्या खोलीत नान्नांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, टॉवेलांचा यंत्रमाग आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. घरात आम्ही तेलुगूच बोलतो, इथं आपलं मराठीत सांगते. मी मागच्या दारात डोकं धरून बसले होते आणि माग आपला खडाखडा चालला होता. बाराचा भोंगा झाला तसा माग थांबला. नान्ना घाम पुसत आत आले आणि चहाची वाट बघत पाटावर बसले.

"नान्ना, माग बंद का केला?" मी विचारलं.

"बाराला लाईट जाते."

"कधी?"

"रोज."

आमच्या दोघांच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. नान्नांनी एकदा वर पंख्याकडे पाहिलं. लोडशेडिंग बंद होऊन तोवर चार-पाच वर्षं तरी झाली असतील.

"जायची," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला. "आता हाताला वळण पडलंय. बारा वाजले की हात आपोआप खटक्यावर जातो."

आई पदरात हसली. मला मात्र एकदम चटका बसल्यासारखं झालं, कारण माझ्या डोळ्यांपुढे आमच्या यंत्रातला प्रोग्राम आला. नमुना किती तापवायचा, किती वेळ, किती निववायचा हे सगळं त्यात ठरवून ठेवलेलं असतं. आमच्या यंत्रात एकच प्रोग्राम होता, सरांनी बसवलेला, आणि त्याचं नाव होतं 'जलद'. मी नोकरीला लागले त्या दिवसापासून तो उघडत होते. औषधं बदलली, क्षार बदलले, सगळं बदलून पाहिलं, पण 'जलद'ला हात लावावा असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. देवघरातला देव कुणी हलवतं का?

सोमवारी सर यायच्या आधीच मी त्यांच्या दाराशी उभी होते.

"सर, 'जलद'मध्ये दर फेरीला नमुना पाचच सेकंद तापतो. पाचच का?"

सरांनी चष्मा काढला. आपल्या जुन्या पराक्रमाबद्दल कुणी विचारलं की माणूस खुलतोच. "अगं, तेव्हा लाईट गेली की आमचा यूपीएस जेमतेम तासभर टिकायचा. अर्ध्यात यंत्र बंद पडलं की नमुने वाया. शेतकरी दारात बसलेले. मग मी एकेक सेकंद कापला. तापवणं कापलं, निववणं कापलं, सुरुवातीची उकळी दहा मिनिटांची दोनवर आणली. तासाच्या आत सगळा खेळ खलास. बाहेरगावचे लोक बघायला यायचे. केळीच्या विषाणूला पुरलं, पपईच्याला पुरलं, उसाला..."

बोलता बोलता ते थांबले.

"तेल्याला नाही पुरत," मी म्हटलं. "त्याच्या पट्ट्या पाच सेकंदांत सुटतच नसतील, सर. आपण दार उघडायच्या आधीच परत लावून घेतोय."

"आणि लाईट तर आता जात नाही," सर सावकाश म्हणाले.

"आमच्या नान्नांचा माग अजून रोज बाराला बंद होतो, सर."

मी पंख्याची गोष्ट सांगितली आणि 'जलद' मला देवघरातल्या देवासारखा झाला होता, तेही. सर आधी हसले, मग गप्प झाले, मग परत इतके हसले की त्यांना ठसका लागला. "चल," ते म्हणाले, "मीच बसवलेला देव आहे, मीच उचलतो."

त्यांनी स्वतः यंत्रापाशी बसून नवा प्रोग्राम केला. सुरुवातीची उकळी पूर्ण दहा मिनिटं. दर फेरीला पाचाऐवजी तीस सेकंद. औषध अगदी थोडं, गुंता सैल होईल आणि एन्झाइम लुळं पडणार नाही इतकंच. त्या औषधानं नकलेची सुरुवात करणाऱ्या तुकड्यांची पकडही ढिली होते, म्हणून निववताना दोन अंश आणखी खाली यायचं, ही आठवण सरांनीच करून दिली. मी काकूंच्या फळाची साल घातली. शेजारी बाटलीत वाढवलेल्या निरोगी रोपाचं पान घातलं आणि एका नळीत नुसतं पाणी. पाण्याची रेघ वर चढली तर समजायचं की आपल्याच हातून घाण गेली.

सरांनी चहा मागवला. एरवी ते पाच मिनिटं एका जागी बसत नाहीत, त्या दिवशी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसून राहिले. तीन रेघा आडव्या चालल्या होत्या. निम्म्या फेऱ्या उलटल्या तरी आडव्याच. माझा चहा तसाच निवला. आणि मग त्यातली एक रेघ किंचित उचलली. मला वाटलं, भास. पुढच्या फेरीला ती आणखी उचलली, मग बघता बघता सरळ चढत गेली, भरल्या अंगानं, जराही न दमता. पाणी तळाशी, निरोगी पान तळाशी, आणि काकूंचं फळ वर.

मला इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना. मी उगाचच टेबल पुसायला घेतलं. सर म्हणाले, "बरं झालं बाई, ते फळ खायचं तुझं वाचलं."

मी काकूंना फोन करून कळवलं आणि गुरुवारी शिरढोणे साहेब त्यांना घेऊनच प्रयोगशाळेत आले. उंच, कमी बोलणारे, कशालाही लवकर न भुलणारे. माझा त्यांच्यावर राग नव्हता. उद्या तेल्या तालुक्यात पसरला असता तर जाब त्यांनाच द्यावा लागला असता. त्यांनी बागेतून स्वतः साली कापून आणल्या होत्या. पाकिटांवर नुसते आकडे, कुठल्या पाकिटात काय हे फक्त त्यांना ठाऊक.

"यांतली काही उघड रोगट आहेत, काही चांगली," ते म्हणाले. "तुम्ही सांगा कुठली कुठली."

यंत्र चालेपर्यंत ते आमच्याच खोलीत बसून राहिले. रेघा आल्या, मी एकेक आकडा वाचत गेले आणि साहेब मान हलवत गेले. रोगट ते रोगट, चांगलं ते चांगलं. सातव्या पाकिटाला मात्र त्यांची मान हलली नाही.

"सातला रोग आहे म्हणता?"

"आहे."

"सात नंबर मी मुद्दाम बागेतल्या सगळ्यात सुदृढ झाडाचा घेतलाय. फाटकाजवळचं मोठं झाड. पान न् पान पाहिलंय मी, एक ठिपका नाही त्याच्यावर."

काकू ताडकन उभ्या राहिल्या. "थोरली?"

थोरली हे त्या झाडाचं नाव. काकूंच्या नवऱ्यानं लावलेलं ते पहिलं झाड, बागेतली बाकीची बहुतेक तिच्याच गुटीची. मी त्याच सालीचा नमुना पुन्हा लावला. दुसऱ्यांदाही रेघ तशीच चढली, पाण्याची तळाशीच राहिली.

साहेबांनी सातवं पाकीट हातात घेतलं. "मग दोनच गोष्टी. एक तर ते झाड खरंच आजारी आहे, नाहीतर तुमची तपासणी खोटी. खोटी असेल तर मी बाग ठेवू शकत नाही."

"आन् खरी असंल तर?" काकूंनी विचारलं.

"तर तपासणीत येतील तेवढीच झाडं जाळायची."

बाग वाचायची तर थोरली आजारी निघायला हवी होती, आणि ते आम्हा सगळ्यांच्या आधी काकूंना कळलं होतं. त्या पुन्हा बाकावर टेकल्या आणि पिशवीचे बंद हातात गुंडाळत राहिल्या.

"साहेब, दडलेला जंतू बाहेर काढता येतो," मी म्हटलं. "तिची एक फांदी झाडावरच ओल्या कापसासकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू. आत दमटपणा राहिला की जंतू असेल तर डाग उमटतील. नसेल तर नाही उमटणार. मला पुढच्या गुरुवारपर्यंत वेळ द्या."

"पिशवीला सील माझं," साहेब म्हणाले.

बागेत जाऊन पिशवी काकूंनीच बांधली. आयुष्यभर गुट्या बांधलेला तो हात, गाठ अशी पडली की वारा आत जाईना. साहेबांनी वर लाखेचं सील ठोकलं. मग मी आठवडाभर त्या बागेतच होते म्हणा ना. सकाळी साली कापायच्या, एसटीनं सोलापूर गाठायचं, यंत्र लावायचं. सरांनी केळी-पपईची सगळी कामं स्वतःकडे घेतली आणि त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. ज्या झाडाची रेघ चढेल त्याच्या बुंध्याला मी दुसऱ्या दिवशी जाऊन तांबडी चिंधी बांधायची. चिंध्या नान्नांच्या मागावरच्या, टॉवेलांच्या काठाच्या.

मंगळवारी शेवटचं झाड बांधून मी वळले तर काकू फाटकापाशी उभ्या होत्या. त्या थोरलीकडे पाहत नव्हत्या, तिच्यामागच्या ओळीकडे पाहत होत्या. तिथून बघितलं की चिंध्या कशा पडल्यात ते दिसायचं. इकडे एक, तिकडे एक अशा त्या नव्हत्याच. थोरलीपासून निघून एकाच ओळीनं चिंध्या थेट त्या रोगट कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. बाकी सगळी बाग मोकळी.

"ही माझी वाट हाय," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बहार धरायच्या आधी छाटणी असती. दरसाली पहिली कात्री थोरलीला लावायची. नारळ फोडायचा, कुंकू लावायचं, पहिली फांदी मी काढायची. आमच्या मालकांपासनं चालत आलंय. तिथनं ही एक ओळ मी माझ्या हातानं छाटत त्या कोपऱ्यापतुर जाते. बाकीची गडीमाणसं, त्यांच्या कात्र्या येगळ्या." त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "तिच्या अंगातलं मीच पुढं वाटत गेले की गं."

"तिला उन्हाची जागा आहे, म्हणून तिच्यावर डाग आला नाही," मी म्हटलं. "कोपऱ्यात पाटाचं पाणी आहे, सावली आहे, तिथं उमटला. तुम्हाला कसं कळणार?"

काकू थोरलीवरच्या पिशवीकडे वळून म्हणाल्या, "पिशवी न सोडताच मला पटलं बघ. पर साहेबांना पटाय पायजे."

गुरुवारी साहेब आले, सरही आले. यंत्र दोनदा तेच बोललं होतं, चिंध्यांची ओळही तेच सांगत होती, पण सीलबंद पिशवीत काय आहे ते अजून कुणी पाहिलं नव्हतं. साहेबांनी सील तपासलं, तोडलं, पिशवी उतरवली. आतली पानं ओली, हिरवीगार दिसत होती. त्यांनी एक पान देठाशी धरून उन्हाकडे केलं.

पानावर ठिपके होते. बारीक, पाणचट, आणि ऊन आरपार आलं की तेलाच्या थेंबासारखे चमकणारे. साहेबांनी दुसरं पान धरलं, मग तिसरं. खिशातून भिंग काढून पाहिलं आणि ते सरांच्या हातात दिलं. सरांनी न पाहताच माझ्याकडे दिलं. सर हसत होते आणि त्यांचे डोळे ओले होते, हे त्यांनी पुढं कधीच कबूल केलं नाही.

"मी या झाडाच्या पान न् पानाची खात्री दिली होती," साहेब म्हणाले. "चिंधी बांधलेली झाडं जाळा. बाकीच्या बागेला माझी परवानगी. आणि मॅडम, तालुक्यातल्या सगळ्या नर्सऱ्यांचे नमुने आता तुमच्याकडेच येतील. तयारी ठेवा."

मला 'मॅडम' म्हणणारे ते पहिलेच. आजही त्या तालुक्यातले नमुने माझ्याकडेच येतात.

थोरलीवर पहिली कुऱ्हाड काकूंनीच घातली. मग गड्यांनी चिंध्यांची सगळी ओळ काढली आणि बांधावर ढीग रचून पेटवला. ओली लाकडं, धूर खूप झाला. काकू लांबून बघत उभ्या होत्या, पदर नाकाला लावून. रडत होत्या की धुरानं डोळे चुरचुरत होते, ते मी विचारलं नाही. ओळीच्या दोन्ही बाजूंना बाग मात्र भरल्या फळांनिशी उभी होती.

"वनजा," त्या म्हणाल्या. तोवर त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. "मला ठावं नव्हतं बघ. तुझ्या मशीनला ठावं हुतं."

मग त्यांनी कमरेची कात्री काढली, जंतुनाशकाच्या बादलीत बुडवली, झटकली आणि चिंधी नसलेल्या पहिल्या झाडाचं एक लालबुंद डाळिंब कापलं. अंगठ्यानं फोडून अर्धं माझ्यापुढे धरलं.

"हे निरोगी म्हणालीयस न्हवं?"

"म्हणालेय."

"मग खाऊन दाव."

मी तिथंच, धुरात उभी राहून, एक दाणाही न सांडता ते सगळं खाल्लं.